भिंतीवरचा कोमाल : तांब्याचा पत्रा घरी कसा मठारायचा

बेळगावच्या टिळकवाडीत एका पोरानं मेक्सिकन खाण्याचा कॅफे काढलाय. पावसाळ्याच्या तोंडावर तो अनगोळला माझ्या घरी आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी वस्तू घेऊन. "काका, असलं तांब्यापितळेत होईल काय? भिंतीला लावायचंय." मी कागद सोडला. फूटभर दांडा, खाली खाचा पाडलेला गड्डा आणि दांड्यावर सैल फिरणाऱ्या तीन कड्या. मी काही बोलायच्या आत बायको आतून आली आणि म्हणाली, "हे काय ओ, रवीच की ही!"

रवीच ती. तिकडे तिला मोलिनियो म्हणतात. बायकोनं दोन तळव्यांत दांडा धरून फिरवून दाखवला, कड्या खुळखुळल्या. तांब्याभर ताक घुसळायला आपण छोटी रवी जशी दोरीशिवाय फिरवतो, अगदी तसंच. फरक इतकाच की ते लोक ताक नाही, गरम चॉकलेट घुसळून फेस काढतात. रवी यायच्या आधी म्हणे ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून धार सोडून फेस आणायचे, आपला चहावाला चहा वरखाली करतो तसं. माझं लक्ष मात्र त्या कड्यांवर. मी उद्यमबागेतल्या कारखान्यात 31 वर्षं लेथवर काढली. त्या कड्या बाहेरून घातलेल्या नव्हत्या, जोडही नव्हता. दांडा आणि कड्या एकाच लाकडातून, लेथवर फिरवत फिरवत कोरून सोडवलेल्या. कुणा टर्नरनं केलंय ते, माझ्याच जातीच्या माणसानं. अर्धा तास मी तेच बघत बसलो, चहा गार झाला.

मग त्यानं मोबाइलवर बाकीची हत्यारं दाखवली. कोमाल म्हणजे त्यांचा तवा, मुळात मातीचा. तो चुन्याचं पाणी फासून तापवतात, म्हणजे भाकरी, त्यांची ती मक्याची टॉर्टिया, चिकटत नाही. आमच्याकडं मांडे खापरावर भाजतात, त्याच वंशातला. मेताते म्हणजे तीन पायांचा उतरता पाटा. मोल्काहेते म्हणजे तीन पायांचा खल, काळ्या ज्वालामुखी दगडाचा. आपला पाटाही तसल्याच काळ्या दगडाचा. मिरची, मका, टोमॅटो हे सगळं मुळात तिकडचंच, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्याकडं आलं. ब्याडगी मिरचीचा पूर्वजसुद्धा तिकडचाच. तेव्हा परकं असं मला काही वाटलं नाही.

त्यानंतर मी त्याला तीन वस्तू करून दिल्या. एक तांब्याचा बारा इंची कोमाल, एक पितळी मोलिनियो आणि तेलाच्या डब्याच्या पत्र्यातलं एक काळीज. त्यापायी आता चार लोक विचारतात, कसं केलंत, आम्हाला शिकवा. म्हणून हे लिहितोय. कोमालावर जास्त लिहीन, कारण ज्याला कोमाल जमला त्याला बाकीचं जमतंच.

आधी पत्रा. 22 गेजचा तांब्याचा पत्रा घ्या, साधारण 0.7 मिलिमीटर जाडीचा. 12 इंच बाय 12 इंचाचा तुकडा पुरे. खडेबाजारात किंवा भांड्यांच्या दुकानाच्या मागं जिथं पत्रा तोलून मिळतो तिथं जा. मी जिथून घेतो तो दुकानदार कन्नड बोलतो. मी पितळ म्हणतो, तो हित्ताळे म्हणतो, पण वजनकाटा दोघांना एकच दिसतो. गेजच्या बाबतीत तोंडी शब्दावर जाऊ नका. 22 गेजचा 12 बाय 12 चा तुकडा 590 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. साडेचारशे-पावणेपाचशे भरला तर तो 24 गेजचा आहे, आणि 24 गेज शिकणाऱ्याच्या हातात लवकर फाटतो. घरी मायक्रोमीटर नसला तरी स्वयंपाकघरातला काटा असतोच.

गॅल्व्हनाइज पत्रा "स्वस्तात होतंय की" म्हणून अजिबात घेऊ नका, निदान तापवायच्या कामाला नाही. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तरुणपणी एका वर्कशॉपमध्ये मी बंद खोलीत असला पत्रा गॅसच्या टॉर्चनं तापवला. पांढरा धूर निघाला, गोडसर चव तोंडात आली, मला वाटलं काही नाही. रात्री हुडहुडी भरून ताप आला, हिवतापासारखा. दुसऱ्या दिवशी उतरला, पण आईनं देवाला नारळ बोलून ठेवला होता तो फोडायला लागला.

हत्यारं फार लागत नाहीत. एक लाकडी हातोडा, एक बॉलपीन हातोडा (एक तोंड चपटं, एक गोल), कातर, कानस, परकार, आणि वाळूची पिशवी. पिशवी मी जुन्या जीन्सच्या पायाची केली, बारीक चाळलेली वाळू घट्ट भरून दोन्ही तोंडं शिवली. सैल भरली तर ठोका गिळते आणि पत्रा जागचा हलत नाही. मठारायला, म्हणजे शेवटी बारीक ठोक्यांनी पत्रा घट्ट करायला, एक हातोडा वेगळा ठेवा, त्यानं खिळे ठोकायचे नाहीत, नारळ फोडायचा नाही, पोरांच्या हाती द्यायचा नाही. त्याचं तोंड किंचित फुगीर करून 400, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरनं आरशासारखं घासा. तोंडावर एक चरा राहिला तर तो पत्र्यावर प्रत्येक ठोक्याला उमटतो. माझ्या पहिल्या कोमालावर कोंबडीचा पाय उमटल्यासारखी एक खूण सगळीकडं दिसते. कॅफेवाल्याला ती डिझाइन वाटली. मी गप्प बसलो.

खाली आधाराला ऐरण सपाट चालत नाही, वरचा भाग उथळ घुमटासारखा पाहिजे. तांबट त्याला खरवई म्हणतात, त्यांच्याकडं वेगवेगळ्या आकारांच्या असतात. मी कारखान्यातून बाद झालेल्या शाफ्टचा दोन इंची तुकडा घेऊन लेथवर त्याचं तोंड वळवून घेतलं आणि व्हाइसमध्ये उभा धरला. तुमच्याकडं लेथ नसेल तर उद्यमबागेत किंवा मच्छ्याला एखाद्या टर्नरला चहा पाजा, दहा मिनिटांचं काम आहे. आमच्या बेळगावात दुसरं काही मिळो न मिळो, लोखंडाचा तुकडा आणि तो वळवणारा माणूस मिळतोच.

आता कापणं. पत्र्याच्या मधोमध पंचनं बारीक टिंब घ्या, परकार सहा इंच उघडून बारा इंची गोल मारा. मग आत अर्ध्या अर्ध्या इंचावर गोल मारत जा, पेन्सिलनं, टोकदार सुईनं नाही. सुईचा ओरखडा शेवटपर्यंत जात नाही. कातर गोलाबाहेर अर्धा मिलिमीटर ठेवून चालवा आणि उरलेलं कानशीनं घ्या. कातरीचे दात संपूर्ण मिटू देऊ नका, मिटले की तिथं टोक येतं. तांब्याची कापलेली धार ब्लेडसारखी असते. हातमोजे घाला, पण ड्रिल मशीनवर जाताना काढा. मोजा ड्रिलमध्ये अडकून मित्राचं बोट कसं गेलं ते मी डोळ्यानं बघितलंय.

पहिला ठोका घालायच्या आधी पत्रा तापवून नरम करायचा. इथं लोक चुकतात, म्हणून नीट सांगतो.

बाजारातला तांब्याचा पत्रा रोलरमधून दाबून आलेला असतो, म्हणजे आधीच अर्धा ताठ. त्यावर ठोकलं की तो आणखी ताठतो. ठोके बसत जातात तसे धातूच्या आतले थर एकमेकांत अडकत जातात, सरकायला जागा उरत नाही. तरीही ठोकत राहिलात तर काठाला चीर जाते. तापवलं की आतली रचना नव्यानं बसते आणि तांबं पुन्हा लोण्यासारखं होतं. लोखंडाला जसं पाणी देतात तसलं काही इथं नाही. तांबं लाल तापवून पाण्यात बुडवलं तरी नरमच होतं. पितळेचं मात्र तसं नाही. पितळ लालभडक असताना पाण्यात टाकलं तर चिरू शकतं, त्याची लाली जाऊ द्या, मग बुडवा.

तापवायचं संध्याकाळी, दिवे लावायच्या आधी. उन्हात लाली दिसत नाही. दुपारी अंगणात तापवायला बसलो होतो तेव्हा मला वाटलं अजून तापलंच नाही, आणि बघता बघता काठाचा एक तुकडा मेणासारखा खाली ओघळला. तांबं 1085 अंशांना वितळतं, आपल्याला त्याच्या निम्म्याच्या जरा वर जायचंय. टॉर्चची ज्योत एका जागी धरू नका, बाहेरून आत गोल गोल फिरवा. आधी पत्र्यावर रंग येतील, केशरी, जांभळा, निळा, मोराच्या पिसासारखे, त्यांना भुलू नका. मग सगळं काळपट पडेल. मग अंधारात वांग्याच्या सालीसारखी काळसर लाली फुटेल. तिथं थांबा. चिमट्यानं उचलून पाण्याच्या बादलीत सोडा. चुर्र आवाज होतो, काळी पापडी सुटून पाण्यावर येते. शेजारच्या काकू भिंतीवरून विचारतात, काय तळायलाय ओ?

पाण्यातून काढलेला पत्रा हातात धरून किंचित वाकवून बघा. मघाशी तो ताठ होता, आता स्वतःच्या वजनानं झुकतो. उरलेली काळी चिंच आणि मिठानं जाते. चिंच कोमट पाण्यात कोळून, जाड मीठ घालून, काथ्यानं घासा. तांब्याचा देव्हारा घासणारीला हे शिकवायला नको.

आता पिशवीवर ठोकणं. बाहेरच्या काठापासून इंचभर आत सुरुवात करा आणि गोल गोल फिरत मध्याकडं या. लाकडी हातोडा, हलके ठोके, आणि पत्रा डाव्या हातानं फिरवत राहायचा. ठोका एका जागी पडतो, फिरतो तो पत्रा. काठाला चुण्या पडायला लागतात, साडीच्या निऱ्यांसारख्या. त्या दिसताक्षणी, मोठ्या व्हायच्या आत, लाकडी हातोड्यानंच हळूहळू बसवा. एक चुणी दुमडली की ती तिथं चिरणारच.

कोमाल सखल असतो, वाटी नाही. माझ्या मोजपट्टीवर पाऊण इंच खोली भरपूर. मधला भाग साधारण सात इंच सपाट ठेवा आणि काठाकडचा चढ सावकाश उठवा. कढई करायला जाल आणि कोमाल विसराल, तो मोह होतो. एक फेरी ठोकून झाली की पुन्हा तापवा. मला तीन वेळा तापवायला लागतं, मामाला दोन वेळा.

मामाचं सांगतो. मामा निपाणीचा, आयुष्यभर कल्हई आणि भांड्यांची दुरुस्ती केली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्याकडं भाता मारायला असायचो. तो पत्रा बघून तापवायचा नाही, ऐकून तापवायचा. नरम तांब्यावर ठोका थप वाजतो, ताठलेल्यावर टण्‌. टण्‌ ऐकू आलं की तो हातोडा खाली ठेवायचा, मग समोर गिऱ्हाईक घाई करत असू दे. "त्यानं सांगितलंय आता बास, आता त्याला ऊब पाहिजे," म्हणायचा. 'त्यानं' म्हणजे तांब्यानं. कारखान्यात मला गेज वाचायला शिकवलं, कान वापरायला मामानं. तुम्हीही पहिल्या तापवणीनंतर डोळे मिटून चार ठोके ऐका, मग पंधरा मिनिटांनी परत चार ठोके. फरक कळला की तुम्ही निम्मे शिकलात.

आकार आला की काठ. पातळ पत्र्याचा काठ नुसता कापून सोडला तर वस्तू डगमगते, दाबलं तर 'टुपुक' करून आत जाते आणि सोडलं की बाहेर येते. म्हणून काठात तार घालायची. 3 मिलिमीटरची तांब्याची तार आणि काठाला तिच्या अडीचपट, म्हणजे साडेसात-आठ मिलिमीटर, दुमड. आधी काठ काटकोनात उभा करा, तार बसवा, मग बॉलपीनच्या चपट्या बाजूनं थोडा थोडा तारेवर वळवत आणा. एका जागी पूर्ण वळवून पुढं जायचं नाही, सगळीकडं थोडा, मग परत सगळीकडं थोडा. तीन फूट तार पुरते, तिचा जोड मागच्या बाजूला, टांगायच्या कडीखाली लपतो.

कोमालाला मूठ असतेच असं नाही. मी दोन कान लावले, ते मी त्यांच्या कासोवरून घेतले. कासो म्हणजे तांब्याची मोठी कढई, मांस तळायला, दूध आटवायला, फळांचा मुरंबा करायला. मिचोआकान प्रांतात सांता क्लारा देल कोब्रे नावाचं गाव आहे, गावाच्या नावातच तांबं. तिथले लोक तांब्याचा जाड गोळा लाकडाच्या भट्टीत लाल करतात आणि चार-पाच माणसं गोल उभी राहून घणांनी आळीपाळीनं ठोकतात. तांबं बरंचसं भंगारातलं, जुन्या विजेच्या तारा वगैरे. एका गोळ्यातून अख्खं भांडं उठवतात, जोड नाही. ऑगस्टमध्ये त्यांची तांब्याची जत्रा भरते. कॅफेवाल्या पोरानं मला त्याचा व्हिडिओ दाखवला. पाच घण आणि एकही दुसऱ्यावर आदळत नाही. आमच्याकडं गणपतीच्या ढोलपथकात तेवढी लय नसते.

कानांसाठी तांब्याच्या पट्टीचे चार इंची दोन तुकडे कमानीसारखे वाकवा, टोकं चपटी करा, रिबिटनं बसवा. रिबीट त्याच 3 मिलिमीटर तारेची. भोक जेमतेम तार जाईल एवढंच. बाहेर साडेचार मिलिमीटर तार राहू द्या, म्हणजे जाडीच्या दीडपट. त्याहून कमी ठेवली तर डोकं होत नाही, जास्त ठेवली तर वाकडी बसते. चार ठोके सरळ, मग बॉलपीनच्या गोल बाजूनं चौफेर, घुमटी होईपर्यंत.

आणि आता मठारणं. मठार म्हणजे तांब्यावरच्या त्या चमचमणाऱ्या छोट्या खुणा, पुण्याच्या तांबट आळीतल्या भांड्यांवर दिसतात त्या. लोकांना वाटतं ती नक्षी आहे. ती नक्षी नाही, ते भांडं घट्ट करायचं शेवटचं काम आहे. शेवटच्या ठोक्यांनी तांबं परत ताठ होतं, म्हणूनच मठारल्यानंतर तापवायचं नाही. शोभेचीच वस्तू असली तरी मी मठारणं सोडत नाही. मशीनवर दाबून आणलेली खोटी मठार बाजारात मिळते, सगळे खळगे एका मापाचे, दुरून माशाच्या खवल्यासारखे. भिंतीवर लावलं की ते लगेच कळतं, का कळतं ते सांगता येत नाही.

खरवईच्या घुमटावर कोमाल सुलटा नाही, उपडा ठेवा, मधोमध टेकवून. मध्यापासून बाहेर जायचं. ठोका खरवईच्या बरोबर माथ्यावर पडला पाहिजे. माथा कुठं आहे तो डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. बरोबर पडला तर भरीव 'टक', चुकला तर पोकळ आणि हाताला झिणझिण्या. कोपर अंगाला चिकटवून, मनगटातून, हातोड्याच्याच वजनानं. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याच्या निम्म्यावर. एक ओळ संपली की पुढची ओळ आधीच्या दोन खुणांच्या मधल्या फटीत. मी एकदा मोजायला बसलो. सगळ्यात बाहेरच्या फेरीत दीडशेच्या जवळ ठोके, आणि अख्ख्या कोमालात सतराशेच्या आसपास. एका बैठकीत होत नाही. मी रोज तीन-चार फेऱ्या करतो, आणि दुपारी एक ते चार शेजारी झोपतात म्हणून बंद ठेवतो. कानात कापूस घाला. मी 31 वर्षं घातला नाही, आता बायको दोनदा हाक मारते.

हात दमला की थांबायचं. दमलेला ठोका तिरका पडतो आणि हातोड्याची कड अर्धचंद्रासारखी रुतते. ती खूण जात नाही. माझ्या दुसऱ्या कोमालावर असले तीन चंद्र आहेत. तो आता आमच्या स्वयंपाकघरात लटकतोय, बायकोला तोच सगळ्यात आवडतो.

रंगाचं ज्याचं त्यानं ठरवावं. चिंचेनं घासून लखलखीत ठेवला तर इकडच्या पावसाळ्यात आठ दिवसांत काळवंडतो, खानापूरच्या बाजूला तर चार दिवसांत. मला तपकिरी आवडतो. त्यासाठी तेजाब वगैरे नको, दोन अंडी कडक उकडा, गरम असतानाच बलक कुस्करून वाटीत ठेवा, आणि वाटी व कोमाल मोठ्या हवाबंद डब्यात एकत्र बंद करा. अंडं कोमालाला टेकू द्यायचं नाही. बलकातल्या गंधकाची वाफ तांब्यावर बसते आणि रात्रीत तपकिरी ते काळा रंग येतो. मी पिठाचा मोठा डबा मागितला तर घरात जे रामायण झालं ते सांगत नाही. आता मी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, गच्चीवर ठेवतो. सकाळी काढा, धुवा, वाळवा आणि अगदी बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं पुसा. ठोक्यांचे उंचवटे उजळतात, खळगे काळे राहतात. मग मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून चिंधीनं पातळ फासा.

मोलिनियोचं थोडक्यात सांगतो. 12 मिलिमीटरची पितळी नळी चौदा इंच. खालच्या गड्ड्यासाठी तीन इंची दोन चकत्या वाळूच्या पिशवीवर ठोकून दोन अर्ध्या वाट्या करा, कानशीनं आठ खाचा पाडा, तोंडाला तोंड लावून डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. कड्यांसाठी 4 मिलिमीटरची तार नळीपेक्षा जाड पाइपवर स्प्रिंगसारखी गुंडाळून करवतीनं एका रेषेत कापा, एकदम सहा कड्या मिळतात. त्यांचे जोड नळीवर घालायच्या आधीच डागून घ्या, आणि कड्या घसरू नयेत म्हणून त्यांच्या वरखाली नळीला घट्ट बसणाऱ्या पट्ट्या लावा. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून कड्याच नळीला डागून टाकल्या, एकदम पक्क्या. पोरानं हातात घेतला, हलवला, परत हलवला. "काका, वाजत नाही." सगळं उघडून परत करायला लागलं. रवीचं जाऊ द्या, त्या कड्यांचं कामच हलणं, मग भिंतीवर असली तरी.

काळजाचं तर सोपंच. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा किराणा दुकानात मिळतो, लोखंडी पत्र्यावर कथलाचा मुलामा. मेक्सिकोत असल्या पत्र्याच्या कामाला ओहालाता म्हणतात, वाहाका भागातली काळजं आणि आरशाच्या चौकटी त्यातल्याच. देवाला नवसाचे छोटे धातूचे हात, पाय, डोळे वाहायची चालही त्यांच्यात आहे, आपल्याकडं चांदीचे डोळे वाहतात तशी. डबा गरम पाण्यानं आणि सोड्यानं धुवा, उघडून सपाट करा, वर्तमानपत्राच्या जाड गठ्ठ्यावर उपडा ठेवून बोथट छिन्नीनं मागून रेषा उठवा. कडा दुमडायला विसरू नका. मी त्या काळजाच्या मधोमध ब्याडगी मिरची उठवली, सुरकुत्यांसकट. पोरगा म्हणाला ही तिकडचीच की. मी म्हटलं, इकडचीच.

टांगताना वस्तू भिंतीपासून बोटभर पुढं राहील असं बघा, मागं रबराचे तीन वॉशर चिकटवा. नाहीतर चुन्याच्या भिंतीवर पावसाळ्यात हिरवट डाग उतरतो.

एक गोष्ट राहिली. लोक विचारतात, यावर खरंच काही भाजता येईल काय. तांब्याचा उघडा कोमाल जेवणाला वापरू नका. आंबट पदार्थाला तांबं उतरतं, आणि अंड्याच्या वाफेनं रंगवलेल्यावर तर प्रश्नच नाही. डागात शिसं असू शकतं, तेही विसरू नका. वापरायचाच असेल तर रंग न देता, तार आणि रिबीट, डाग कुठंच नाही, अशा रीतीनं करून कल्हईवाल्याकडं न्या. तो कोमाल तापवेल, नवसागर टाकेल, पांढरा धूर होईल, कथलाची कांडी टेकवेल आणि कापसानं एका झटक्यात चांदी पसरवेल. तव्यासारखं मोठ्या आचेवर कोरडं मात्र ठेवायचं नाही, कथील 232 अंशांनाच वितळतं. गुळाचा पाक, दुधाची आटवण, असल्याला चालतो.

निपाणीला आता मामा नाही, त्याच्या गल्लीत कल्हईची भट्टीही नाही. बेळगावात एक जण अजून सायकलला भाता बांधून फिरतो, महिन्यातून एकदा अनगोळला येतो. मागच्या वेळी त्यानं माझा कोमाल हातात घेऊन नखानं टिचकी मारली, कानाजवळ नेला, परत एक टिचकी मारली आणि काठाजवळच्या एका जागेवर बोट ठेवलं. तिथं मी चौथ्यांदा तापवायचं टाळलं होतं.